रिकाम्या मजल्याचा आठवडा

आमच्या श्वाबियात, म्हणजे जर्मनीच्या या दक्षिण कोपऱ्यात, माणसाची किंमत त्याच्या घरावरून होते, आणि घर सासऱ्याचं असलं तर त्या किमतीतून थोडी वजावट होते. आल्विन आयझेले यांची ही वजावट एकोणतीस वर्षं चालू होती. तसे ते सरकारी वजनमापे खात्यात निरीक्षक होते. त्यांनी दुकानात पाऊल टाकलं की खाटकाचा अंगठा काट्यावरून आपोआप उचलला जाई. पण घरी आलं की अंगणातलं अक्रोडाचं झाड सासऱ्यांनी लावलेलं, झाडाखालचं बाक सासऱ्यांनी ठोकलेलं, आणि टपालपेटीवर नावही सासऱ्यांचंच. पेटी पितळी होती, चांगली होती, तेव्हा बदलायची कशाला, असं त्यांच्या बायकोचं, ट्राउडलचं म्हणणं होतं. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली होती, तरी त्यांची पत्रं अजून येत.

म्हणून वयाच्या चौपन्नाव्या वर्षी आयझेल्यांनी कर्ज काढून वर डोंगरावर, होहनरीड गावात, एक दुमजली घर विकत घेतलं. कुंपणापलीकडच्या गोटलोब रेम्मेले यांची तीन घरं भाड्याने दिलेली होती, आणि चौथं घर नसल्यामुळे त्यांना सल्ला द्यायला भरपूर वेळ होता.

"अगदी सोपं आहे," गोटलोब म्हणाले. "खाली ती म्हातारी आहेच, घराबरोबरच मिळाली. वर एक पगारदार आणून बसव. म्हातारीच्या भाड्यात घराची डागडुजी, पगारदाराच्या भाड्यात बँकेचा हप्ता. तू फक्त खुर्चीत बसायचं."

बँकेतल्या वुर्स्टरसाहेबांनाही हा हिशेब पटला. फक्त कर्जाच्या कागदात सहाव्या पानावर त्यांनी एक कलम घातलं. वरच्या मजल्याचा सही झालेला भाडेकरार मार्चअखेर बँकेला दाखवायचा, नाहीतर राहतं घर तारण म्हणून जोडायचं. राहतं घर ट्राउडलच्या नावावर होतं. म्हणजे तारणाच्या कागदावर तिची सही लागणार. म्हणजे तिला सांगावं लागणार. आणि घर घेण्यापूर्वी ट्राउडलने एकच गोष्ट मागितली होती, "काय वाटेल ते कर आल्विन, पण बाबांच्या घराला हात लावायचा नाही." आयझेल्यांनी शब्द दिला होता. तेव्हा जानेवारी होता, आणि जानेवारीत मार्च फार लांब दिसतो. त्यांनी सहावं पान उलटलं आणि सही केली.

पहिल्या शनिवारी ते मोजपट्टी घेऊन वरचा मजला मापायला गेले. दारावर सुतळीने एक लाकडी पाटी टांगलेली होती. पाटीवर काळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'झाडलोटीचा आठवडा'. असली पाटी आमच्याकडे प्रत्येक घरात असते. ज्याच्या दारावर ती लटकेल त्याने आठवडाभर जिना पुसायचा, तळघराचा बोळ झाडायचा, कचऱ्याचे डबे धुवायचे, आणि बर्फ पडला तर सकाळी सातच्या आत घरापुढची वाट मोकळी करायची. शनिवारी संध्याकाळी पाटी शेजारच्या दारावर जाते. पण रिकाम्या घराच्या दारावर ती पाहून आयझेल्यांना हसू आलं. तेवढ्यात खालचं दार उघडलं आणि नेगेलेबाई बाहेर आल्या. वय त्र्याऐंशी, निळा एप्रन, पाठ ताठ. या घरात त्या एकेचाळीस वर्षं राहत होत्या, आणि आयझेले हे त्यांनी पाहिलेले चौथे मालक.

"नमस्कार बाई. मी नवा मालक, आयझेले."

"माहीत आहे. आठवडा तुमचा आहे."

"माझा कसा? वर कोणी राहतच नाही."

"मजला रिकामा असेल," नेगेलेबाई म्हणाल्या. "आठवडा रिकामा नसतो. भाडेकरू नसला तर मालक. बादली तळघरात आहे."

गावोगावच्या खाटकांना घाम फोडणाऱ्या माणसाने यावर काहीतरी करारी बोलायला हवं होतं. आयझेल्यांनी मोजपट्टी खिशात घातली आणि बादली आणली. पाऊण तास पुसून झाल्यावर बाईंनी कठड्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कोपऱ्याला दोन बाजू असतात." आयझेल्यांनी सगळे कोपरे पुन्हा पुसले. आमच्याकडे तोंडावर कौतुक करायची रीत नाही. बोलणी बसली नाहीत, म्हणजेच शाबासकी मिळाली असं समजायचं. त्या दिवशी आयझेल्यांना बोलणी पाच वेळा बसली.

"हात लावायचा नाही झाडूला," गोटलोब संध्याकाळी कुंपणावरून म्हणाले. "मालकाने एकदा झाडू धरला की भाडेकरू डोक्यावर मिऱ्या वाटायला लागतो. जाऊच नकोस."

पुढच्या पाळीला आयझेले गेले नाहीत. बुधवारी नेगेलेबाईंचं रजिस्टर पत्र आलं. त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, की 'वरच्या मजल्याची जबाबदारी असणारे श्री. आल्विन आयझेले यांनी झाडलोटीच्या आठवड्यात कसूर केली असून, त्याबद्दल घरमालक श्री. आल्विन आयझेले यांच्याकडे ही रीतसर तक्रार करीत आहे. मालकांनी संबंधितास लेखी समज द्यावी व तिची नक्कल मला पाठवावी. न पाठवल्यास भाड्यात कपात करण्याचा मला हक्क आहे.'

आयझेले ते पत्र घेऊन बराच वेळ सासऱ्यांच्या बाकावर बसले. दुसऱ्या एखाद्याने ते फाडून टाकलं असतं. पण यांची एकतीस वर्षं सरकारी खात्यात गेली होती. आलेल्या कागदाला उत्तर जातं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी स्वतःला एक पत्र लिहिलं. पहिला मसुदा फार कडक झाला, तो वाचून त्यांनाच अपमान वाटला. दुसरा थोडा सौम्य केला. 'पुन्हा असे घडल्यास आपल्याविरुद्ध पुढील कारवाई करणे भाग पडेल' असं वाक्य मात्र ठेवलं, कारण नमुन्यात होतं. सही केली, नक्कल नेगेलेबाईंना पाठवली, मूळ प्रत स्वतःच्या नावाने फायलीत लावली. अशा दोन नोटिसा झाल्या की भाडेकरूला घर खाली करायला सांगता येतं, हे त्यांना त्या रात्री झोपताना आठवलं आणि झोप उडाली. आपण तिथे भाडेकरू नाही, हे लक्षात यायला त्यांना थोडा वेळ लागला.

तेव्हापासून एक शनिवार सोडून एक ते पस्तीस किलोमीटर वर जाऊन जिना पुसू लागले. ट्राउडलला सांगितलं, की घराची कामं निघाली आहेत. ते खोटं नव्हतं.

वरच्या मजल्यासाठी जाहिरात दिली होती आणि माणसं येतही होती. जागा चांगली होती, ऊन होतं, खिडकीतून दरी दिसायची. अडचण जिन्यात होती, आणि जिन्यात नेगेलेबाई उभ्या असत. पहिला आला तो हॅम्बुर्गचा एक तरुण इंजिनियर. जागा त्याला आवडली. उतरताना त्याने पाटी पाहिली आणि हसत विचारलं, "याला बाई लावली तर चालेल ना?"

"चालेल की," नेगेलेबाई म्हणाल्या. "हॅम्बुर्गला."

नंतर एक नवराबायको आले, दोघंही दातांचे डॉक्टर. त्यांना बाईंनी तळघरात नेऊन चार ब्रश दाखवले. पायऱ्यांचा एक, कोपऱ्यांचा एक, कठड्याच्या गजांचा एक, आणि चौथा इतर तीन ब्रश साफ करण्याचा. डॉक्टर मंडळी म्हणाली, विचार करून कळवतो. याचा अर्थ जगात सगळीकडे एकच होतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत अशी चौदा माणसं विचार करायला गेली होती.

आयझेल्यांचं जेवण कमी झालं. तपासणीत एका फळवाल्याचा काटा बावीस ग्रॅमने चुकीचा निघाला, तर त्यांनी त्याला दंड करायच्या आधी विचारलं, "तुम्हाला जागा हवी आहे का भाड्याने?" रोज सकाळी ते कॅलेंडरकडे बघत आणि मग ट्राउडलकडे बघत. ट्राउडल पावाला लोणी लावत असे.

"म्हातारी घरात नसताना दाखव जागा," गोटलोब म्हणाले. "एवढं साधं सुचत नाही तुला?"

"ती बाहेर जातच नाही हो."

"केस कापायला तरी जात असेल. डोक्याला केस आहेत ना तिच्या?"

होते. नेगेलेबाई दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी दहा ते साडेअकरा केस सेट करून घ्यायला जात. त्याच गुरुवारी आयझेल्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सव्वादहाला यॉर्डिस पेटरसन या बाईंना बोलावलं. त्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावरून होहनरीडच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून बदलून आल्या होत्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. दहा वाजून पाच मिनिटांनी आयझेले वर गेले आणि दारावरची पाटी त्यांना दिसली. त्या आठवड्याची पाळी त्यांचीच होती. त्यांना हॅम्बुर्गचा इंजिनियर आठवला, डॉक्टर आठवले, बाकीची सगळी माणसं आठवली. आणि आयुष्यात कधी कोणाची पेन्सिलही न उचललेल्या त्या माणसाने सुतळी सोडवली, पाटी कोटाखाली धरून खाली नेली आणि मोटारीच्या डिकीत घोंगडीखाली ठेवली.

पेटरसनबाईंनी जागा पाहिली, दरी पाहिली, नळ सोडून पाहिला. "घेते," म्हणाल्या. पुढच्या शुक्रवारी सकाळी साडेनऊला करारावर सह्या करायचं ठरलं. तो मार्चचा शेवटचा शुक्रवार होता. वुर्स्टरसाहेबांना फोन केला तर ते म्हणाले, मी त्याच बाजूला येणार आहे, करार तिथेच पाहून घेतो, वरचा मजलाही बघतो. आयझेले गाणं गुणगुणत घरी गेले. पाटी परत लावायची राहिली आहे, हे त्यांना कुंपणाशी आल्यावर आठवलं.

शनिवारी सकाळी ती घेऊन परत जायचं त्यांनी ठरवलं होतं, पण सातलाच नेगेलेबाईंचा फोन आला.

"पाटी चोरीला गेली आहे."

"अहो, पाटी कोण चोरणार?" आयझेले म्हणाले. आपला आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

"तेच म्हणते मी. चोर कामाची वस्तू नेत नाही. आळशी माणूस नेतो. एकेचाळीस वर्षांत असं झालं नाही. आता आज संध्याकाळपासून आठवडा कोणाचा?"

"पाळीप्रमाणे तुमचा ना, बाई?"

"पाटी माझ्या दारावर आली तर माझा. पाटी आल्याशिवाय आठवडा सुरू होत नाही. शेवटी ती तुमच्या दारावर होती."

त्या क्षणी खरं सांगून टाकणं सोपं होतं. पण खरं सांगितलं तर बाई पेटरसनबाईंनाही सांगतील, शुक्रवारची सही जाईल, आणि मग सहावं पान, आणि मग ट्राउडल. आयझेले म्हणाले, बघतो. शुक्रवारी सह्या झाल्या की पाटी गुपचूप तळघरात ब्रशांमागे टाकायची आणि 'अहो, इथेच तर होती' म्हणायचं, असा बेत त्यांनी केला. चोरीत नवखा माणूस असेच बेत करतो.

गुरुवारी संध्याकाळी वर डोंगरावर बर्फ पडायला लागला. आमच्या डोंगराला मार्च कळत नाही. आयझेले सकाळी सहाला निघाले, पण चढावर एक ट्रक आडवा झाला होता. पोहोचायला नऊ वाजून वीस मिनिटं झाली. घरापुढे वीतभर बर्फ जसाच्या तसा होता. पाटी नसल्यामुळे आठवडा कोणाचाच नव्हता, आणि कोणाचाच नसल्यामुळे फावडं कोणी उचललं नव्हतं. आयझेले तळघराकडे धावणार, तेवढ्यात वुर्स्टरसाहेब आले. आमच्याकडे दहा मिनिटं आधी येणं म्हणजे वेळेवर येणं. त्यांनी दारापुढच्या तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला. पुढच्या क्षणी ते पहिल्या पायरीवर बसलेले होते, उजवं मनगट डाव्या हातात धरून.

पेटरसनबाई त्याच वेळी फाटकातून आत येत होत्या. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि मनगट दाबून पाहू लागल्या. "मोडलेलं नाही. मुरगळलंय. ह्यांना गार लागतंय, अंगावर टाकायला काही आहे?"

"मोटारीत घोंगडी आहे," आयझेले म्हणाले. त्यांना त्या साहेबांची खरोखर काळजी वाटत होती, म्हणूनच ते बोलून गेले. आपण काय बोललो हे कळेपर्यंत पेटरसनबाईंनी डिकी उघडून घोंगडी ओढली होती. पाटी सुतळीसकट खाली बर्फात पडली, अक्षरं वरच्या बाजूला.

दारात नेगेलेबाई उभ्या होत्या. वुर्स्टरसाहेबांनी पाटी वाचली, मग बर्फाकडे पाहिलं, मग आयझेल्यांकडे.

"आयझेलेसाहेब," ते म्हणाले, "हा आठवडा कोणाचा होता? विम्यासाठी मला लिहावं लागेल."

बँकेचा माणूस मालकाच्या चुकीने मालकाच्याच पायरीवर पडला होता आणि सहाव्या पानावरचं कलम अजून जागेवर होतं. आयझेल्यांच्या डोळ्यांपुढे अक्रोडाचं झाड आलं, त्याखालचं बाक आलं, पितळी पेटी आली.

नेगेलेबाई खाली आल्या. त्यांनी पाटी उचलली, एप्रनला पुसली आणि काखेत धरली.

"आठवडा माझा," त्या म्हणाल्या. "गेल्या शनिवारपासून पाळी माझी आहे, कॅलेंडर बघा. सातच्या आत बर्फ मी काढायला हवा होता. माझा विमा आहे, साहेब. एकेचाळीस वर्षं हप्ते भरतेय, एक पै मागितली नाही. जरा त्यांनाही काम करू दे."

"आणि ही पाटी?" वुर्स्टरसाहेबांनी विचारलं.

"रंगवायला दिली होती यांच्याकडे," बाई म्हणाल्या, आणि आयझेल्यांकडे बघितलं. "अजून रंगवलेली दिसत नाही."

सगळे वर जायला वळले, तर पेटरसनबाई दिसेनात. त्या तळघरातून फावडं घेऊन आल्या होत्या आणि न विचारता वाट मोकळी करत होत्या, सरळ रेषेत, भिंतीपासून रस्त्यापर्यंत. "आमच्याकडे बेटावर वाळू येते वाऱ्याने," त्या एवढंच म्हणाल्या. "रोज काढावी लागते." नेगेलेबाईंनी त्या वाटेच्या दोन्ही कडा वाकून पाहिल्या आणि काही न बोलता आत गेल्या. आयझेल्यांना इतकं हायसं वाटलं, की त्यांना पायरीवरच बसावंसं वाटलं, पण तिथे नुकतंच कोणीतरी बसून गेलं होतं.

करारावर सह्या झाल्या. 'पाहिला' असा शेरा वुर्स्टरसाहेबांनी डाव्या हाताने लिहिला. तो शेरा कोणालाही वाचता येत नाही, पण बँकेने तो मानला.

ते गेल्यावर आयझेले खालच्या दाराशी उभे राहिले. "बाई, तुम्ही माझ्यासाठी का..."

"तुमच्यासाठी नाही," नेगेलेबाई म्हणाल्या. "बँकेने हे घर विकलं तर पाचवा मालक येईल. तो म्हणेल, मला स्वतःला राहायला पाहिजे, खाली करा. मी कुठे जाऊ या वयात?" त्यांनी काखेतली पाटी भिंतीला टेकवून ठेवली. "आधीच्या तिघांपैकी एकानेही जिना पुसला नव्हता. तुम्हाला पुसता येत नाही, पण तुम्ही पुसता." मग दार लावता लावता म्हणाल्या, "उद्या या. माझ्या आठवड्याचा जिना राहिलाय, आणि पाटीला रंग आणा. काळा."

आयझेले शनिवारी पुन्हा वर गेले. जिना पुसला, कोपरे दोन्ही बाजूंनी पुसले, पाटी रंगवली आणि वाळल्यावर पेटरसनबाईंच्या दारावर लावली. नेगेलेबाईंनी कठड्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाकडे पाहिलं. मग आत जाऊन दार लावून घेतलं. आयझेले बादली हातात धरून दोन मिनिटं तसेच उभे होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एवढं मोठं प्रशस्तिपत्र मिळालं नव्हतं.

त्या आनंदाच्या भरातच त्यांनी ठरवलं, की ट्राउडलला सांगायचं. रविवारी दुपारी मसूर, हाताने पाडलेल्या शेवया आणि सॉसेज असं जेवण होतं. त्यांनी काटा बाजूला ठेवला आणि सगळं सांगितलं. सहावं पान, पाटी, डिकी, वुर्स्टरसाहेबांचं मनगट, सगळं. सांगताना त्यांनी ताटातून नजर वर केली नाही. सांगून झाल्यावर त्यांनी वाट पाहिली.

ट्राउडल उठली. तिने त्यांच्या ताटात आणखी एक सॉसेज वाढलं आणि परत बसली.

"वुर्स्टरची बायको माझ्याबरोबर चर्चमध्ये गाते," ती म्हणाली. "तिने सहाव्या पानाचं जानेवारीतच सांगितलं होतं मला. तू कधी सांगतोस, तेवढंच बघत होते."

आयझेल्यांनी आता कुठे ताटातून नजर वर केली.

"आणि एक," ट्राउडल म्हणाली. "तू तिकडे झाडत होतास ना, तेवढे सगळे शनिवार इकडे बाबांच्या घरापुढचा बर्फ मी काढलाय. एकटीने. पुढचा आठवडा तुझा."

"बरं," आयझेले म्हणाले, आणि दुसरं सॉसेज खायला लागले.